लोणचं, कुलूप आणि काडेपेटी: लहान उद्योगांभोवती बांधलेल्या भिंतीची गोष्ट

ज्यांना ऐकण्याऐवजी निवांत वाचायचंय, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना घाईत जे सुटतं, ते इथे जरा नीट मांडलंय.

सुरुवात एका यादीने करू. लोणची आणि चटण्या. पाव. शेंगदाणा तेल. मेणबत्त्या. काडेपेट्या. फटाके. उदबत्त्या. काचेच्या बांगड्या. कुलपं. वह्या. कपडे धुण्याचा साबण. स्टीलची भांडी. लोखंडी कपाटं. दुकानाचं शटर.

वाटेल की ही किराणा-भांड्यांच्या बाजाराची यादी आहे. पण नाही. ही भारत सरकारची यादी आहे. एप्रिल २०१५पर्यंत या वस्तू फक्त लघुउद्योगांनीच बनवायच्या, असा नियम होता. या शेवटच्या २० वस्तूंपैकी काही. म्हणजे तुमच्यातले बरेच जण शाळेत जात होते, तेव्हाही या देशात कुलूप हे ‘राखीव’ होतं.

आरक्षण म्हटलं की आपल्या डोक्यात वेगळा विषय येतो. आजचं आरक्षण वस्तूंचं आहे. १९६७ साली ४७ वस्तूंपासून ते सुरू झालं, वाढत वाढत आठशेच्या पुढे गेलं आणि जवळजवळ पन्नास वर्षं चाललं. छोट्या माणसाला जगवण्यासाठी घेतलेला हा निर्णय होता. हेतू चांगलाच होता. तरीही तो कुठे अडला, हे समजून घेतलं, तर आज टीव्हीवर जाहीर होणाऱ्या प्रत्येक नव्या योजनेकडे बघायची एक नजर मिळते. चला तर मग.

मागणी काय होती?

थोडं मागे जाऊ. पुण्यात १८९० साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने औद्योगिक परिषद भरली. मँचेस्टरचं कापड आलं होतं, इथले माग बंद पडत होते, कारागीर शेतीकडे ढकलले जात होते, हे सगळ्यांना दिसत होतं. पुढच्याच वर्षीच्या परिषदेसाठी रानड्यांनी निबंध लिहिला, तो कर्जव्यवस्थेच्या पुनर्रचनेवर. म्हणजे तारणावर स्वस्तात भांडवल कसं मिळेल, त्यासाठी युरोपात कशा संस्था आहेत, आपल्याकडे त्या कशा उभ्या करता येतील, यावर.

हे लक्षात ठेवा. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी पुण्यात बसून या माणसाने नेमकी दुखरी नस पकडली होती: पैसा. सावकाराच्या व्याजात बुडालेला माणूस धंदा वाढवणार कसा?

सरकार परकं होतं, त्यामुळे लोकांनी आपापल्या परीने उपाय शोधले. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. प्रत्येकाने एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा करायचा. आजच्या भाषेत क्राउडफंडिंगच की! त्यातूनच १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना उभा राहिला.

कर्वे समिती

आता येऊ १९५५ सालावर. देश स्वतंत्र झालाय, दुसरी पंचवार्षिक योजना आखली जातेय. मोठा पैसा पोलाद, वीज, अवजड यंत्रं यांत घालायचा असं ठरतंय. पण पोलादाच्या कारखान्यात किती माणसं लागणार? कोट्यवधी हातांना काम कुठून द्यायचं? आणि लोकांना रोज लागणारं कापड, साबण, चप्पल कोण बनवणार?

याचं उत्तर शोधायला नियोजन आयोगाने एक समिती नेमली. अध्यक्ष होते पुण्याचे अर्थतज्ज्ञ प्रा. द. गो. कर्वे. (महर्षी धोंडो केशव कर्वे वेगळे, हे वेगळे. हे पुढे रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर झाले.) समिती जूनमध्ये नेमली आणि ऑक्टोबरमध्ये अहवाल आलासुद्धा!

कर्वे समितीचं म्हणणं थोडक्यात असं. रोजच्या वापराच्या वस्तू शक्य तितक्या छोट्या आणि ग्रामीण उद्योगांकडे ठेवा. तिथे भांडवल कमी लागतं आणि हात जास्त लागतात. गरज पडली तर मोठ्या कारखान्यांची वाढ रोखा, त्यांच्यावर उपकर लावा, काही क्षेत्रं छोट्यांसाठी राखून ठेवा. पण त्याचबरोबर समितीला हेही हवं होतं की या छोट्या उद्योगांचं तंत्र हळूहळू सुधारत जावं, त्यांना कर्ज मिळावं, सहकारी संस्था उभ्या राहाव्यात. जुन्याच हत्याराने कायम काम करत राहा, असं समिती म्हणत नव्हती.

म्हणजे एका हातात ढाल, दुसऱ्या हातात शिडी. मोठ्याच्या माऱ्यापासून वाचवायचं आणि वर चढायलाही मदत करायची.

शिडीची थोडी सुरुवात झालीही. १९५५मध्येच राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ स्थापन झालं आणि ते छोट्या कारखानदाराला हप्त्यावर यंत्रं देऊ लागलं. पुढे १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि लघुउद्योगांना कर्जात अग्रक्रम मिळू लागला.

पण शिडी महाग असते. कर्ज द्यायचं तर पैसे लागतात, बुडीत कर्ज सोसावं लागतं. प्रशिक्षण द्यायचं तर जिल्ह्याजिल्ह्यात जाणकार माणसं लागतात. थकलेले पैसे मिळवून द्यायचे तर चालणारी न्यायव्यवस्था लागते. त्यामानाने यादीत एक वस्तू वाढवायला काय लागतं? एक अधिसूचना. तिजोरीतून रुपयाही जात नाही आणि सरकारने छोट्यांसाठी काहीतरी केलं असंही दिसतं.

मग काय, यादी वाढत गेली.

४७ ते आठशेच्या पुढे

१९६७मध्ये ४७. दहा वर्षांत १८०च्या आसपास. डिसेंबर १९७७मध्ये जनता पक्षाच्या सरकारने नवं औद्योगिक धोरण आणलं. तेव्हा उद्योगमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. त्यांनी यादी एका झटक्यात ५०४वर नेली. ‘जे लहान उद्योगाला बनवता येतं ते लहान उद्योगानेच बनवावं’ ही भूमिका. याच धोरणातून १९७८मध्ये जिल्हा उद्योग केंद्रं आली. तुमच्या घरात कुणी धंद्यासाठी सरकारी कर्जाची फाईल फिरवली असेल, तर हे नाव नक्की ऐकलं असेल. यादी नंतर फोडून, बारीक करून आठशेच्या वर गेली.

आता प्रश्न येतो: लहान उद्योग म्हणजे नेमका किती लहान? याची मोजणी यंत्रसामग्रीत गुंतवलेल्या रकमेवर होती. १९६६मध्ये मर्यादा साडेसात लाख रुपये. १९७५मध्ये १० लाख, १९८०मध्ये २० लाख, १९८५मध्ये ३५ लाख, १९९१मध्ये ६० लाख.

खरी गोम इथे आहे.

समजा, साल १९८६. तुमचा कुलपांचा कारखाना आहे. आत ३२ लाखांची यंत्रं आहेत. धंदा जोरात चाललाय, मोठी ऑर्डर आलीय. १० लाखांचं नवं यंत्र घेतलं की काम दुप्पट वेगाने होईल, कुलूपही जास्त चांगलं बनेल. घेणार?

घेतलं तर गुंतवणूक ४२ लाख होते. तुम्ही ३५च्या रेषेबाहेर पडता. आता तुम्ही ‘लघु’ नाही, त्यामुळे कुलूप बनवायचा तुमचा हक्कच धोक्यात येतो. मोठ्या उद्योगाला राखीव वस्तू बनवायची मुभा होती, पण ती आधीपासून बनवत असाल तर आहे तेवढ्याच क्षमतेपुरती, किंवा मालाचा मोठा हिस्सा निर्यात करायची हमी दिलीत तर.

मग व्यवहारी माणूस काय करतो? बायकोच्या नावाने दुसरा कारखाना काढतो. भावाच्या नावाने तिसरा. शेजारी शेजारी तीन शेड, तीन मीटर, तीन हिशोबाच्या वह्या. मालक एकच. कुठलीच शेड मोठी होत नाही, कुठल्याच शेडमध्ये चांगलं यंत्र येत नाही. आपली हुशारी कुलूप सुधारण्यात जायची, ती कागद सांभाळण्यात जाते.

भिंत बाहेरच्या मोठ्याला आत येऊ देत नव्हती हे खरं. पण आतल्या छोट्यालाही ती मोठं होऊन बाहेर पडू देत नव्हती. कर्वे समितीच्या एका हातातली ढाल तेवढी उरली आणि शिडी भिंतीला टेकवलेली राहिली.

आणि मग दार मागून उघडलं

१९९१ नंतर चित्र बदललं. १९९७मध्ये आबिद हुसेन समितीने सरळ सांगितलं की हे वस्तूंचं आरक्षण काढून टाका. वस्तू निवडायला ठोस निकष नव्हता, आणि यादीतल्या कितीतरी वस्तू प्रत्यक्षात कुणी फारशा बनवतही नव्हतं. छोट्यांना मदत करायची तर कर्ज, तंत्र आणि बाजार यांत करा, असा समितीचा सूर होता.

पण यादीतून नाव काढणं म्हणजे राजकारण्यांसाठी तापलेला तवा. हात कोण लावणार? तेवढ्यात जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांमुळे भारताला आयातीवरची संख्यात्मक बंधनं उठवावी लागली. शेवटच्या ७१५ वस्तूंवरची बंधनं १ एप्रिल २००१ला गेली.

आता गंमत बघा. गंमत कसली, शोकांतिकाच. चीनमधल्या अवाढव्य कारखान्यात बनलेली वस्तू आयात शुल्क भरून आपल्या बाजारात येऊ शकते. तीच वस्तू भारतात मोठा कारखाना काढून बनवायची, तर नियम आडवा. भिंत समोरून भक्कम, आणि मागचं दार सताड उघडं!

मग मात्र वेग आला. २००१मध्ये तयार कपडे, चामड्याच्या वस्तू, पादत्राणं, खेळणी यादीबाहेर पडली. नंतर दरवर्षी काही काही वस्तू जात राहिल्या. आणि २०१५मध्ये लोणचं, कुलूप आणि काडेपेटीही मोकळी झाली.

मग कोण जिंकलं, कोण हरलं?

लेस्ली मार्टिन, शांती नटराज आणि ॲन हॅरिसन या तीन अभ्यासकांनी हा प्रश्न आकड्यांतून तपासला. २०१७ साली त्यांचा शोधनिबंध ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. निष्कर्ष असा: आरक्षण उठण्याचा परिणाम ज्या जिल्ह्यांवर जास्त होणार होता, तिथे २००० ते २००७ या काळात रोजगार आणि मजुरी, दोन्ही इतरांपेक्षा जास्त वाढले. भीती उलटी होती ना? की आरक्षण गेलं तर नोकऱ्या जातील.

पण इथे थांबून टाळ्या वाजवायच्या नाहीत. ही वाढ मुख्यतः नव्याने आलेल्या आणि मोठ्या होणाऱ्या कारखान्यांत झाली. जुन्या छोट्यांपैकी अनेकांचा धंदा आकुंचला. जिल्ह्याचा आकडा वाढला म्हणजे त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक घराचा वाढला, असं नसतं. पन्नाशीतला माणूस, ज्याने आयुष्यभर एकच वस्तू बनवली, तो उठून नव्या कारखान्यात कामाला लागत नाही. त्याच्यासाठी वेगळी काही तरतूद लागते. भिंत पाडताना त्याचा विचार फार कमी झाला.

हातमागाची वेगळी गोष्ट

तुम्ही म्हणाल, कारखान्यांचं ठीक आहे, पण हस्तकलांचं काय? हातमागाला तर संरक्षण हवंच ना?

हातमागासाठी १९८५मध्ये वेगळा कायदाच झाला. ठरावीक वस्तू फक्त हातमागावरच विणायच्या. सुरुवातीला २२ वस्तू, नंतर कमी करून ११. हा कायदा आजही आहे. पण तो राबवणं महाकठीण. यंत्रमागावर विणलेली साडी हातमागाची म्हणून विकली, तर दुकानात उभ्या गिऱ्हाईकाला कळणार कसं?

आणि यात ‘मोठा विरुद्ध छोटा’ इतकं सोपं नाही. यंत्रमाग म्हणजे टाटा-बिर्ला नव्हेत. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत जाऊन बघा. पाच-पंचवीस मागांचा मालक, सूत उधारीवर, माल दुसऱ्याच्या ऑर्डरीवर. तोही छोटाच. म्हणजे इथे भिंत एका छोट्याच्या आणि दुसऱ्या छोट्याच्या मध्ये उभी आहे.

हातमागावर आजही ३५ लाखांहून जास्त लोक काम करतात. २०१९-२०च्या हातमाग गणनेनुसार त्यांत सुमारे ७२ टक्के बाया आहेत. त्यांना सगळ्यात जास्त गरज कशाची? विणलेल्या कापडाची ओळख टिकण्याची आणि त्या ओळखीचे पैसे हातात पडण्याची.

म्हणून पुढचं धोरण वस्तू राखण्याऐवजी नाव राखण्याकडे वळलं. भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे जीआयचा, कायदा १९९९चा. २००३पासून तो लागू झाला. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये जीआय मिळाला. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार, असे आठ जिल्हे मिळून.

मग जून २०२५मध्ये प्राडाचं प्रकरण झालं. मिलानच्या फॅशन शोमध्ये थेट कोल्हापुरीसारख्या चपला आल्या, आणि कोल्हापूरचा उल्लेखही नाही. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने मान्य केलं की प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलेची होती. पण कायद्याने हात बांधलेले. कारण जीआय नावाचं रक्षण करतो. ‘कोल्हापुरी’ म्हणून खोटी चप्पल विकली तर दावा लावता येतो. नाव न घेता घाट उचलला, तर तेवढ्याने काही होत नाही. म्हणजे नाव राखणं ही चांगली पायरी आहे, पण एकच पायरी.

रानडे पुन्हा आठवतात

आता मूळ नसेकडे येऊ. पैसा. छोट्या उद्योजकाला विचारा, त्याची झोप कशाने उडते? बहुतेक वेळा उत्तर येतं: माल दिला, बिल दिलं, पैसे येत नाहीत. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत म्हणत चार महिने जातात. तोवर कामगारांचा पगार, विजेचं बिल, कर्जाचा हप्ता, सगळं त्याच्या खिशातून. म्हणजे छोटा माणूस मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देत असतो!

यावर पहिला कायदा आला १९९३मध्ये. मग २००६चा एमएसएमई कायदा आला. लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. कागदावर एकदम कडक.

पण तक्रार कुणी करायची? त्याच छोट्याने. आणि कुणाविरुद्ध? ज्याच्या ऑर्डरीवर त्याचं घर चालतं त्याच्याविरुद्ध. एकदा तक्रार केली की पुढची ऑर्डर गेलीच. त्यामुळे हक्क असूनही बहुतेक जण गप्प बसत.

मग आयकर कायद्यात एक छोटं कलम आलं, ४३बी(एच). २०२३च्या अर्थसंकल्पातून आलं आणि १ एप्रिल २०२४पासून लागू झालं. नियम साधा. सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च तुमच्या हिशोबात वजा होणार नाही. म्हणजे त्या वर्षी कर जास्त.

फरक लक्षात आला? आता तक्रार करायचीच गरज नाही. मोठ्या कंपनीचा सीएच मार्च आला की विचारतो, ‘या छोट्यांची बिलं क्लिअर झाली का?’ अडचणी इथेही आहेतच. तुमच्याकडे ‘उद्यम’ नोंदणी नसेल तर याचा उपयोग नाही, नुसत्या ट्रेडिंगवाल्यांना तो लागू नाही, आणि खरेदीदार नोंदणी नसलेल्या पुरवठादाराकडे वळतील अशी भीतीही व्यक्त झाली. पण दिशा बघा. इथे कुठली वस्तू राखीव नाही, कुणाच्या वाढीला लगाम नाही. केलेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळावेत, एवढंच.

आणि ती ३५ लाखांची रेषा आठवते ना, जिच्या भीतीने तीन शेड काढायला लागायच्या? आता उद्योगाचा आकार गुंतवणूक आणि उलाढाल दोन्हींवर मोजतात. एप्रिल २०२५पासून गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर ‘सूक्ष्म’. २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत ‘लघू’. शिवाय २०२२पासून असा नियम आहे की वाढून वरच्या वर्गात गेलात, तरी कराव्यतिरिक्तचे फायदे पुढे तीन वर्षं चालू राहतात. म्हणजे मोठं झाल्याची शिक्षा लगेच होत नाही. ही साधी गोष्ट सुचायला आपल्याला अर्धं शतक लागलं.

तर यातून घ्यायचं काय?

पुढच्या वेळी एखादी योजना जाहीर झाली, मग ती सुतार-लोहार-कुंभारांसाठी असो की स्टार्टअपसाठी, तर आकड्यांच्या आधी एक प्रश्न विचारा: हा माणूस उद्या मोठा झाला तर ही योजना त्याला साथ देणार की सोडून देणार? २०२३मध्ये आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेलाही हीच फूटपट्टी लावा. १८ पारंपरिक व्यवसाय, अवजारांसाठी १५ हजार, आधी एक लाख आणि मग दोन लाखांचं कर्ज ५ टक्के व्याजाने. सुरुवात म्हणून चांगलंच. पण ते तीन लाख संपल्यावर, धंदा वाढल्यावर, पुढच्या दहा लाखांसाठी त्या सुताराला बँकेत कोण ओळखणार? शिडीची पुढची पायरी आहे का, ते तिथे कळेल.

आणि घरात कुणाचा धंदा असेल, आईचं मसाल्याचं काम असेल, काकांचं फॅब्रिकेशन असेल, तर आज एवढं करा. ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे, ऑनलाइन होते, ती करून टाका. बिलावर उद्यम क्रमांक टाका. आणि पैसे किती दिवसांत द्यायचे ते लेखी घ्या. कायदा आपल्या बाजूने उभा राहायला तयार आहे, पण त्याला दाखवायला कागद लागतो.

आजचं एवढंच. तुमच्या गावात असा एखादा धंदा असेल जो या यादीमुळे वाढला, किंवा यादीमुळेच खुंटला, तर नक्की कळवा. घरातल्या मोठ्यांना विचारून बघा, त्यांना ‘एसएसआय’चा शिक्का नक्की आठवत असेल. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!